फिट्टंफाट नामंजूर

बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला आकड्यांची भीती राहत नाही. त्याला भीती वाटते ती आकडे न मांडता हिशेब मिटवणाऱ्यांची. आमच्या घराण्यात या जमातीचे अध्वर्यू म्हणजे आमचे मामा. "अरे, त्यानं तुझ्या कॉलेजची फी भरली, त्यानं वाड्यातली जागा घेतली. फिट्टंफाट! सोडून दे आता," हे वाक्य ते मला गेली बारा वर्षं प्रत्येक लग्नात, मुंजीत आणि तेराव्याला ऐकवत आले आहेत. तेराव्याला तर जेवणाआधी एकदा आणि जेवणानंतर एकदा.

'तो' म्हणजे माझा थोरला भाऊ, दादा. त्याच्याविषयी पुढं सांगायचंच आहे. आधी एवढंच जाहीर करतो, की हा लेख मामांच्या विरुद्ध आहे. शिवाय तो एका परदेशी खेळातल्या एका नियमाच्या विरुद्ध आहे आणि त्याच खेळातल्या दुसऱ्या नियमाच्या बाजूनं आहे. मामा, दादा आणि परदेशी खेळ यांची मोट कशी बांधली, असं तुम्ही विचाराल. ती मी बांधली नाही. गेल्या जुलैत एका रविवारी पावसानं बांधली.

आमच्या कन्येचा चार-पाच जणांचा एक कंपू आहे. तो दर रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो आणि टेबलाभोवती बसून भूमिका घ्यायचे खेळ खेळतो. एक जण सूत्रधार होतो. पोरं त्याला गेम मास्टर म्हणतात. तो गोष्ट सांगतो आणि बाकीच्यांनी एकेक पात्र घेऊन 'मी दार उघडतो', 'मी राजाला मुजरा करतो', 'मी पळून जातो' असं म्हणत ती पुढं न्यायची. जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा. हा फासाही आपल्या सारीपाटाचा नव्हे. याला वीस बाजू असतात. लांबून तो खडीसाखरेच्या खड्यासारखा दिसतो. आमच्या सौ.नं एकदा तो डब्यात भरलाही होता.

त्या रविवारी पावसामुळं कंपूतला एक गडी बाणेरला अडकला. धायरीत आमच्या घरी एक खुर्ची रिकामी आणि मी समोर पेपर वाचत बसलेला. "बाबा, तू बस ना. नुसते आकडे तर बघायचे असतात," कन्या म्हणाली. माझ्या आयुष्याचं इतकं थोडक्यात वर्णन आजवर कुणी केलं नव्हतं. मी बसलो.

खेळाचं नाव 'पेंड्रॅगन'. ग्रेग स्टॅफर्ड नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी तो १९८५ साली काढला. ते २०१८ साली वारले, नाही तर हा लेख मी कन्येकडून भाषांतर करवून त्यांनाच धाडला असता. राजा आर्थर आणि त्याच्या सरदारांच्या कथांवर हा खेळ बेतलेला आहे. त्या कथांचा सर्वांत गाजलेला ग्रंथ थॉमस मॅलरीचा. तो कॅक्स्टननं छापला १४८५ साली. ग्रंथ आणि खेळ यांत बरोबर पाचशे वर्षं! बँकेच्या माणसाला इतका गोल आकडा दिसला की आधी संशय येतो. मी दोनदा वजाबाकी करून पाहिली. बरोबर आहे.

मी माझ्या पात्राचं नाव 'सर गणपत' ठेवलं. सूत्रधार म्हणजे कन्येच्या वर्गातला एक दाढीवाला मुलगा. तो अत्यंत अदबीनं म्हणाला, "काका, त्या काळच्या ब्रिटनमध्ये गणपत नसतात." मग वाटाघाटी होऊन 'सर ग्वानपथ' ठरलं. हे वेल्श वाटतं म्हणे.

मग त्यानं माझ्यासमोर पात्राचा कागद ठेवला आणि मी त्या खेळाच्या प्रेमात पडलो. या जातीच्या खेळांचा मूळपुरुष म्हणजे १९७४ सालचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या जोडीचा. त्यात माणसाचं मन आधी तीन खणांत आणि पुढं नऊ खणांत बसवलेलं आहे: भला, बुरा, अधलामधला, नियम पाळणारा, न पाळणारा, अधलामधला. नऊ खणांत अख्खी मानवजात! आमच्या शाखेत नुसते फॉर्म याहून जास्त प्रकारचे आहेत. पण 'पेंड्रॅगन'च्या कागदावर स्वभावाच्या तेरा जोड्या होत्या. दयाळू आणि क्रूर, नम्र आणि गर्विष्ठ, उदार आणि स्वार्थी, खरा आणि खोटा, शूर आणि भित्रा, क्षमाशील आणि सूडी, अशा. आणि प्रत्येक जोडीची बेरीज वीस! दया बारा असेल तर क्रौर्य आठ. उदारपणा पंधरा असेल तर स्वार्थ पाच. डावीकडं जमा, उजवीकडं नावे, आणि तेराच्या तेरा ओळी टॅली. गेल्या कित्येक वर्षांत इतका देखणा ट्रायल बॅलन्स माझ्या पाहण्यात आला नव्हता.

फासा टाकायची रीतही सोपी आहे. पकडलेल्या शत्रूला सोडावं की डोकं उडवावं? क्षमेचा आकडा बारा. फासा टाकला आणि बारा किंवा कमी पडले, तर सोडलं. जास्त पडले, तर आता सुडाच्या आठांवर फासा. तिथं आठ किंवा कमी पडले, तर उडवलं. दोन्हीकडं फासा हुकला, तर मात्र खेळणाऱ्यानं स्वतः ठरवायचं. म्हणजे मन जिथं काहीच सांगत नाही, तिथंच फक्त डोक्याला काम. हे मला फार खरं वाटलं. आमच्या रजेच्या अर्जांचा निकालही याच पद्धतीनं लागतो. आणि एखादा आकडा सोळा किंवा वर गेला की सरदार त्या गुणासाठी नावाजला जातो आणि मग 'आज माझा मूड नाही' म्हणून त्याला सुटता येत नाही. सूत्रधार फासा टाकायला लावू शकतो. नावलौकिकाची किंमत म्हणतात ती ही.

कागदाच्या एका कोपऱ्यात मात्र आणखी एक यादी होती. तिला 'पॅशन्स' म्हणतात. आपण ओढ म्हणू. धन्यावरची निष्ठा पंधरा. कुटुंबावरचं प्रेम पंधरा. सॅक्सन लोकांविषयी द्वेष, त्याचाही आकडा. या यादीत जोड्या नव्हत्या. प्रत्येक ओढ स्वतंत्र खात्यावर, आणि कुणाचीही कुणाशी बेरीज नाही. त्या वेळी मी तिच्याकडं दुर्लक्ष केलं. टॅली न होणाऱ्या गोष्टींकडं दुर्लक्ष करण्याचं आम्हाला रीतसर शिक्षणच मिळालेलं असतं.

गोष्ट सुरू झाली. आम्ही सॅलिस्बरीच्या अर्ल रॉडरिकचे सरदार. गढी आणि जमीन थोरल्या भावाकडं, आणि सर ग्वानपथ धाकटा, तलवारीवर पोट भरणारा. (हे दाढीवाल्या पोरानं मनचं ठरवलं होतं. मी त्याला घरचं काहीही सांगितलेलं नव्हतं.) तासाभरानं अर्लच्या कानावर गेलं, की ग्वानपथच्या थोरल्या भावानं गुपचूप सॅक्सनांना धान्य विकलं. हुकूम सुटला: ग्वानपथनंच जाऊन भावाला धरून आणावं. आम्ही गढीशी पोचलो. भाऊ दारात उभा. सूत्रधारानं माझ्याकडं पाहिलं. "काका, काय करता?"

मी कागद पाहिला. निष्ठा पंधरा, भावाचं प्रेम पंधरा. मी म्हटलं, "पंधरा वजा पंधरा शून्य. ग्वानपथला काहीच वाटत नाही. तो जेवायला घरी जातो."

टेबलावर शांतता पसरली. मग तो मुलगा, जणू माझं वय आणि माझ्या घरचे कांदेपोहे यांचा मान राखत, म्हणाला, "काका, यांची वजाबाकी नाही होत. पंधरा आणि पंधरा म्हणजे शून्य नाही. ते तीस आहे."

बी.कॉम. झालेल्या माणसाला चारचौघांत हे ऐकून घ्यावं लागलं.

त्याच्या टेबलावरची रीत अशी: दोन ओढी आमनेसामने आल्या की दोन्हींसाठी फासा टाकायचा. जी आपल्या आकड्याच्या आत राहून मोठी पडेल, ती जिंकली. मी भावासाठी टाकला: अकरा. धन्यासाठी टाकला: तेरा. दोन्ही पंधराच्या आत, म्हणजे दोन्ही ओढी खऱ्या ठरल्या. फक्त निष्ठा दोन दाण्यांनी वरचढ. "तुम्ही भावाला धरता," सूत्रधार म्हणाला, "पण त्याचे अकरा वाया गेलेले नाहीत. तुमचा हात थरथरतोय. तुम्ही दोर सैल बांधता." मी काही बोललो नाही. सौ.नं आतून विचारलं, "चहा टाकू का?" मी उत्तर द्यायलाही विसरलो, असं ती अजून सांगते.

आता दादाविषयी सांगतो.

आमचे वडील १९९० साली गेले. मी दहा वर्षांचा, दादा अठरा. त्यानं बारावीनंतर पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली आणि चिंचवडला एका कारखान्यात उभं राहून करायच्या कामाला लागला. कसब्यातल्या वाड्यात आमच्या दोन भाड्याच्या खोल्या. माझ्या कॉलेजची फी तो दरवर्षी पाकिटात घालून द्यायचा. पाकिटावर वर 'फी', मध्ये रक्कम आणि खाली 'मोजून घे'. मी कधी मोजली नाही. एकदा मोजली, तेव्हा दहा रुपये जास्त निघाले. ते मी परत केले नाहीत आणि त्यानंही विचारलं नाही.

२०११ साली आई गेली. २०१३ साली वाडा पाडून इमारत बांधायचं ठरलं आणि भाडेकरू म्हणून आमच्या वाट्याला एक फ्लॅट आला. तो दादानं एकट्याच्या नावावर करून घेतला. मला सह्या झाल्यावर कळलं. मी फोन केला तर म्हणाला, "तू बँकेत आहेस. तुला घराला कर्ज स्वस्तात मिळतं. मला कोण देणार?" हे म्हणणं बरोबर होतं, हाच त्यातला सगळ्यांत मोठा दोष. चुकीचं असतं तर मी भांडून मोकळा झालो असतो. मी स्वस्तातलं कर्ज काढलं. ते २०३४ साली फिटेल. तेव्हापासून दादाचा आणि माझा संबंध म्हणजे दिवाळीला एक फोन. त्यात तो पावसाबद्दल विचारतो आणि मी पावसाबद्दल सांगतो.

यावर मामांचं फिट्टंफाट. यावर सौ.चं म्हणणं, "अहो, तुम्ही अजून रागावलेले आहात की नाही, ते एकदा नक्की ठरवा. म्हणजे मला लग्नाच्या याद्या करायला बरं." सगळ्यांना माझ्याकडून एक आकडा हवा असतो. निव्वळ शिल्लक.

त्या रविवारी रात्री मला झोप आली नाही. आणि अंथरुणात पडल्या पडल्या लक्षात आलं, की जी गोष्ट तो दाढीवाला मुलगा मला शिकवत होता, ती मला धंद्यानंच कळायला हवी होती. समजा, एका माणसाची आमच्याकडं पाच लाखांची ठेव आहे आणि त्याच्याच नावावर पाच लाखांचं कर्ज आहे. दुसरा एक माणूस आमच्या शाखेची पायरी कधी चढलेलाच नाही. मामांच्या हिशेबानं दोघंही शून्यावर. पण पहिल्याकडं दोन पासबुकं आहेत. त्याला दर महिन्याला एकीकडं व्याज मिळतं आणि दुसरीकडं द्यावं लागतं. तो रात्री उठून पाणी पितो. दुसरा घोरतो. हे दोघं एकच आहेत असं सांगणारा ताळेबंद कुणी माझ्यासमोर आणला, तर मी त्याला मॅनेजरच्या केबिनमध्ये पाठवीन. येणं आणि देणं परस्पर वळतं करून ताळेबंद सुटसुटीत दाखवायला हिशेबशास्त्रात मनाई असते. जिथं मुभा आहे ते प्रसंग नियमात लिहून ठेवावे लागतात. ठेवीतून कर्ज वळतं करायचा हक्क बँकेला आहे. पण तोसुद्धा कर्ज थकल्यावर आणि खातेदाराला कळवून. मामांनी मला कधी नोटीस दिली?

म्हणून माझा पहिला मुद्दा: कृतज्ञता आणि राग ही दोन खाती आहेत. त्यांची बेरीज-वजाबाकी करण्याचा अधिकार नातेवाइकांना नाही.

दुसरा मुद्दा मात्र खेळाच्याच विरुद्ध आहे आणि तो मी पुढच्या रविवारी कांदेपोहे न करता मांडला. झालं असं, की कन्येनं गंमत म्हणून माझाच एक कागद भरायला घेतला. "बाबा, तुझी क्षमा किती?" मी विचार करून म्हटलं, "चौदा." तिनं समोर लिहिलं, सूड सहा. मी म्हटलं, "खोड ते. तोही चौदा." "तसं नसतं बाबा, बेरीज वीसच यायला हवी." "का?" "नियम आहे."

नियम आहे! ज्या कागदावर मी भाळलो होतो, त्यातच ही मामागिरी लपली होती. क्षमा एकानं वाढली की सूड आपोआप एकानं कमी, जणू दोघं एकाच टाकीतलं पाणी पितात. मी दाढीवाल्याला म्हटलं, "तुमचे स्टॅफर्डसाहेब ओढींच्या कोपऱ्यात जे बरोबर बोलले, ते तेरा ओळींत विसरले."

पोरगा हुशार आहे. तो म्हणाला, "काका, ट्रेट म्हणजे तुम्हाला आत काय वाटतं ते नाही. तुम्ही बहुतेक वेळा काय करता, ते. तुम्ही शत्रूला सोडलं तर सोडलं. अर्धा सोडता येत नाही. वाटणं दोन असेल, करणं एकच असतं."

यावर मी गप्प बसलो, कारण ते पटलं. चेक एक तर वटतो नाही तर परत जातो. शाईवर अश्रू सांडले म्हणून आम्ही निम्मा वटवत नाही. हातून घडतं ते एकच, हे कबूल. पण त्याच खेळात पुढं काय होतं पाहा. तुम्ही ठळकपणे क्षमा केलीत, की त्या ओळीपुढं खूण होते. खेळातलं वर्ष संपून हिवाळा आला, की त्या खुणेवर फासा टाकतात. आकड्याहून जास्त पडले तर क्षमा एकानं वर. आणि सूड एकानं खाली. माझा आक्षेप नेमका इथं आहे. मी शत्रूला सोडलं म्हणून माझा राग कमी झाला, हे तुम्हाला कुणी सांगितलं? कदाचित सोडल्यामुळंच वाढला असेल! चांगलं वागणाऱ्या माणसाच्या खात्यातून त्याचा राग परस्पर काढून घ्यायचा, ही कुठली रीत? जो मनात धुमसत असताना चांगलं वागतो, त्याच्या चांगुलपणाची किंमत त्या धुमसण्यामुळंच असते.

आपल्याकडंही हा घोटाळा जुना आहे. ज्ञानेश्वरांच्या नावावर परंपरेनं जमा असलेला मोक्षपट घ्या, म्हणजे आपल्या सापशिडीचा पूर्वज. सद्गुणाच्या शिडीवर पाय पडला की वर, दुर्गुणाच्या सापावर पडला की खाली. खेळ थोर, शिकवण थोर; पण एका वेळी सोंगटी एकाच घरात. शिडीवर उभा असताना त्याच माणसाला साप चावतोय, अशी सोय त्या पटावर नाही. आमच्या घरात आहे.

आमच्या शाखेत एक कवी आहेत. त्यांना मी हे सगळं डबा खाताना सांगितलं. त्यांनी लोणच्याचं बोट हवेत उचलून म्हटलं, "भावना आकड्यांत मोजता येत नाहीत हो!" हा आक्षेप सुशिक्षित माणसांत फार बोकाळला आहे, म्हणून त्याचाही समाचार घेतो. मराठी माणूस भावना मोजत नाही? तिळमात्र शंका, रतिभर अक्कल, मणभर ओझं, सोळा आणे खरं, हे काय आहे? डॉक्टरसुद्धा दुखणं दहापैकी किती म्हणून विचारतात आणि आपण "सात" म्हणून सांगतो. सात म्हटल्यानं दुखण्याची बेअदबी होत नाही. उलट उद्या "पाच" म्हटलं तर औषध लागू पडलंय हे कळतं. आणि खरं सांगू? 'मोजता येत नाही' म्हणणारा माणूस शेवटी फिट्टंफाटच म्हणतो. न मोजलेलं मिटवायला सोपं असतं. रागाला चौदा आणि मायेला चौदा असं शाईनं लिहिलं, की एकावर बोळा फिरवायला हात कचरतो. कवी म्हणाले, "यावर मी काहीतरी लिहीन." त्याची मला भीती वाटते.

त्या पोरांनी मला पुढं सर गवेनची हकिगत सांगितली आणि ती मी मॅलरीच्या सोप्या आवृत्तीत वाचूनही काढली. गवेन हा आर्थरचा भाचा. त्याचा लाडका धाकटा भाऊ गॅरेथ. गॅरेथचा जीव लान्सलॉटवर; त्याला सरदारकीची दीक्षाही लान्सलॉटनंच दिलेली. पुढं राणी ग्विनिव्हिअरला जाळायला नेत असताना लान्सलॉट तिला सोडवायला गर्दीत घुसला आणि त्या धुमाळीत, न ओळखता, निःशस्त्र उभ्या असलेल्या गॅरेथला आणि त्याचा भाऊ गॅहेरिस यालाही त्यानंच मारलं. गवेन आजवर लान्सलॉटचा मित्र होता. आता तो त्याच्यामागं फ्रान्सपर्यंत युद्ध नेतो, पुनःपुन्हा द्वंद्वाला बोलावतो. लान्सलॉट त्याला जायबंदी करतो, पण खाली पडलेल्या गवेनला मारत नाही. शेवटी ती जुनी जखम पुन्हा उघडी पडून गवेन मरायला टेकतो, तेव्हा तो काय करतो? लान्सलॉटला पत्र लिहितो. दोष स्वतःकडं घेतो, त्याला थोर म्हणतो, आर्थरच्या मदतीला धावून ये म्हणून विनवतो.

मामांना ही गोष्ट सांगितली तर ते म्हणतील, "बघ! शेवटी फिट्टंफाट केलं की नाही?" नाही, मामा. गॅरेथला तो विसरला असं मॅलरीनं कुठंही लिहिलेलं नाही. विसरला असता तर पत्राला अर्थच राहिला नसता. भावाचा मृत्यू पूर्ण रकमेनं एका खात्यावर ठेवून त्यानं दुसऱ्या खात्यावरून पैसे काढले. वीसच्या बेरजेत हे पत्र बसत नाही. ओढींच्या कोपऱ्यात बसतं. माझ्या मते स्टॅफर्डसाहेबांना हे ठाऊक असणारच. नाही तर त्यांनी तो कोपरा बिनजोड्यांचा ठेवला नसता. तेरा ओळी टॅली करायचा मोह त्यांना आवरला नाही, एवढंच. एका कारकुनानं दुसऱ्याला यासाठी माफ करावं, आणि रागही ठेवावा.

माझी मागणी साधी आहे. वागणं कागदावर लिहा, हरकत नाही. ते एकच असतं. पण क्षमेपुढं खूण केली म्हणून सुडाचा आकडा खोडू नका. खोडायचाच असेल तर त्याच्यावर वेगळा फासा टाका. दाढीवाल्यानं हा बदल आमच्या टेबलापुरता मंजूर केला आहे. कन्येचं म्हणणं, यामुळं हिवाळ्याला दुप्पट वेळ लागतो. लागू दे. आमचं मार्चअखेरचं काम बघितलं नाही तिनं.

ऑगस्टमध्ये दादाचा फोन आला. दिवाळी नसताना. तीस वर्षं उभं राहून काम केलेला गुडघा बदलायचा ठरला होता. पुतण्या बंगळूरला, वहिनींना रात्रीचं जागरण झेपत नाही. "दोन रात्री थांबशील का?" मी म्हटलं, "पाऊस कसा आहे तिकडं?" तो म्हणाला, "आहे." मग मी म्हटलं, "येतो."

मामांनी ताबडतोब फोन करून माझं अभिनंदन केलं. "मिटलं ना शेवटी!" मी म्हटलं, "मामा, थांबायला जातोय. मिटवायला नाही." त्यांना हे कळलं नाही. सौ.ला कळलं असावं, कारण तिनं लग्नाच्या यादीचा विषय काढला नाही आणि थर्मास धुवून दिला.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी खाटेशेजारच्या बाकावर बसलो होतो. खिशात हात घातला तर वीस बाजूंचा फासा निघाला. कन्येनं मुद्दाम ठेवला की चुकून राहिला, ते माहीत नाही. दादा म्हणाला, "खडीसाखर आहे का?" मी म्हटलं, फासा आहे, आणि वेळ जात नव्हता म्हणून त्याला सगळा खेळ सांगितला. सर ग्वानपथ, त्याचा भाऊ, सैल बांधलेला दोर, सगळं. तो छताकडं बघत ऐकत होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, "तुझी फी भरली होती ना रे मी?"

"हो."

"आणि जागा घेतली."

"हो."

"मग फिट्टंफाट की."

"नाही दादा. दोन्ही खाती चालू आहेत."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "व्याज लागतंय का?"

"दोन्हीकडं."

"बँकवाला तो बँकवालाच," दादा म्हणाला आणि कुशीवर वळायला गेला, तर गुडघ्यानं त्याला वळू दिलं नाही. मी उशी नीट केली. त्यानं चहा मागितला. डॉक्टरांनी ऑपरेशनपर्यंत पोटात काही द्यायचं नाही अशी सक्त ताकीद दिलेली होती. थर्मास माझ्या पायाशीच होता. मी चहा दिला नाही. डॉक्टरांच्या हुकमानं सूड घ्यायची संधी काही रोज येत नाही.